कोऱ्या रात्री

रिकामा तास दिसला की बाबर सरांचा हात शिवशिवायचा. चित्रकलेच्या बाई रजेवर असोत, पीटीचे सर पोरं घेऊन तालुक्याच्या स्पर्धांना गेलेले असोत, पोरांनी मैदानाकडे धूम ठोकायच्या आत शशिकांत बाबर खडूचा डबा घेऊन दारात उभे. "बसा खाली. लसावि-मसावि राहिलाय." पोरं त्यांना मागून 'तासखाऊ' म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा अभिमानच होता. विट्याच्या त्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले होते, पण एक तास म्हणून वाया गेलेला नव्हता.

त्या वर्षी जूनमध्ये सातवीच्या वर्गासाठी निजपट्ट्या आल्या.

झोपलेला माणूस नुसता पडून असतो असं आपल्याला वाटतं. मेंदूला मात्र तेव्हाच खरं काम असतं. दिवसभरात जे जे घडतं ते आधी मेंदूच्या आतल्या बोटभर भागात उतरतं. ती झाली आपली कच्ची वही. रात्री गाढ झोपेत मेंदू ती वही उघडतो, त्यातलं एकेक पुन्हा घोळवतो आणि मेंदूच्या बाहेरच्या थरात, म्हणजे पक्क्या वहीत, उतरवून काढतो. पक्क्या वहीतलं जन्मभर राहतं. कच्च्या वहीतलं चार-सहा महिन्यांत पुसट होतं, आणि वर नवं लिहिलं जातं.

निजपट्टीची करामत अशी, की ती या उतरवून काढण्यात लुडबुड करायची. वर्गात प्रत्येक धड्याबरोबर एक हलका सूर वाजायचा. ऋतुनिर्मितीचा एक, स्थितिक विद्युतचा दुसरा, संविधानाच्या उद्देशिकेचा तिसरा. रात्री मूल गाढ झोपलं की कपाळावरची पट्टी मेंदूतल्या लाटांवरून ते ओळखायची आणि जाग येणार नाही इतक्या हळू तोच सूर वाजवायची. सूर ऐकला की मेंदू आज्ञाधारक पोरासारखा तोच धडा घोळवायला बसायचा. एकदा शिकवलेलं कायमचं डोक्यात. घोकंपट्टी नको, छडी नको.

सोमवार ते शुक्रवार रात्री पट्टी लावायची, शनिवार-रविवारच्या रात्री मात्र कोऱ्या ठेवायच्या, असं कंपनीनं बजावलं होतं. कारणही छापलं होतं: दैनंदिन अनुभवांच्या स्थिरीकरणासाठी. आता असली वाक्यं आपण वाचतो कुठं? कोऱ्या रात्री म्हटल्यावर बाबर सरांना एवढंच दिसलं, की आठवड्यातले दोन तास रिकामे पडलेत.

त्यातून त्या वर्षी त्यांना घाई होती. तिचं नाव समृद्धी.

विटा भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली. सरांचा धाकटा भाऊ प्रतापही सेलमला दुकान टाकून बसला होता. मे महिन्यात गावच्या जत्रेला येताना त्याची गाडी ट्रकवर आदळली. प्रताप आणि त्याची बायको शीतल जागच्या जागी गेली. मागच्या सीटवर झोपलेली समृद्धी वाचली. सर आणि त्यांच्या पत्नी उज्ज्वलाबाई यांना मूलबाळ नव्हतं. रडून रडून डोळे कोरडे पडलेली ही पोर त्यांच्या घरात आली, आणि सरांनी मनाशी ठरवलं की हिला कशात म्हणून कमी पडू द्यायचं नाही.

ती सेलमला इंग्रजी शाळेत होती. मराठी बोलायची ती घरातली, तिच्या आजीच्या काळातली, पण लिहिताना जोडाक्षराशी अडायची. "काका, म्या नापास हुईन का?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं. सर म्हणाले, "माझ्या घरातलं पोर नापास होत नसतं." त्यांनी मुख्याध्यापिका देशमाने बाईंच्या सहीनं शनिवार-रविवार हे शाळेचे वार म्हणून नोंदवले. यंत्राला काय कळतंय? त्यानं सातही रात्री सूर वाजवायला सुरुवात केली. पालकांना कळवलं, "जादा तास सुरू केले आहेत." जादा तास म्हटल्यावर आपल्याकडं कुणी हरकत घेत नाही.

आणि वर्ष झकास गेलं. दिवाळीपर्यंत अख्खी सातवी पायथागोरसचा सिद्धांत झोपेतून उठवून विचारला तरी सांगायची. समृद्धी सगळ्यांच्या पुढं. तिची भाषासुद्धा बदलली. "म्या", "हुईन" गेलं आणि पाठ्यपुस्तकातली स्वच्छ मराठी तिच्या तोंडी बसली. इकडं घरातही ती हळूहळू उमलत होती. आधी पाणी प्यायचं तरी विचारायची. मग न विचारता डबे उघडायला लागली. मग उज्ज्वलाबाईंच्या पाठीला टेकून गृहपाठ करायला लागली. एकदा तर सरांच्या चालण्याची नक्कल करताना पकडली गेली, आणि तिघंही हसून हसून आडवी झाली. आईबापांची आठवण निघाली की अजून डोळे भरायचे, पण ती बोलू शकायची. काळ हेच औषध, असं उज्ज्वलाबाई शेजारणींना सांगायच्या. दुसरं त्या काय सांगणार?

वार्षिक परीक्षा संपली, पट्ट्या कंपनीला परत गेल्या, आणि एप्रिलमधल्या एका दुपारी समृद्धी मोबाइलवरचे फोटो बघत बसली होती.

"आई, हा फोटो कुठला?"

उज्ज्वलाबाई दळण निवडत होत्या. त्यांनी वाकून पाहिलं. गणपतीतला फोटो होता. समृद्धीनं स्वतः मोदक वळले होते, एकाला सोंड काढली होती, आणि तो हातात धरून ती दात काढून हसत होती.

"हा गं तुझा सोंडेचा मोदक. किती हसलो नव्हतो आपण?"

"मी केला?" ती फोटो मोठा करून पाहत राहिली. "मला मोदक येतात?"

बाई हसल्या. मग त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्यांचं हसू जिरलं. पोरगी थट्टा करत नव्हती. त्यांनी विचारायला सुरुवात केली. शाळेचा पहिला दिवस? नाही. श्रावणात आलेला ताप, रात्रभर मांडीवर घेऊन बसलेली काकी? नाही. दसरा? तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "दसऱ्याला आपट्याची पाने देतात. आपटा ही द्विदल वनस्पती आहे."

"मागच्या दसऱ्याला तू काय केलंस, ते विचारतीय मी."

"ते आठवत नाही," समृद्धी म्हणाली, आणि पहिल्यांदाच घाबरली.

सर संध्याकाळी घरी आले तेव्हा दोघी एकमेकींना बिलगून बसल्या होत्या. त्यांनी आधी नेहमीप्रमाणे उडवून लावलं. विसरभोळी आहे, उन्हाळा आहे, डोकं दमलंय. पण मग त्यांनी गल्लीतल्या दोन-तीन पोरांना गाठून सहज विचारलं. ऑगस्टमधल्या सहलीचं नाव काढलं, तर एकाला गाव आठवेना आणि दुसऱ्याला सहलच आठवेना. दोघांनीही धरणाची उंची आणि नदीचं उगमस्थान मात्र घडाघडा सांगितलं. सर घरी परतले ते पाय ओढत.

सांगलीच्या डॉक्टर गुरव मेंदूच्या डॉक्टर होत्या. मोजकं बोलणाऱ्या, पण तोडून न बोलणाऱ्या. त्यांनी तपासण्या केल्या, समृद्धीला बाहेरच्या काचपेटीतले मासे बघायला पाठवलं आणि सरांना विचारलं, "कोऱ्या रात्री पाळल्या होत्या ना?"

सर म्हणाले, "जादा तास घेतले."

"किती दिवस?"

"वर्षभर."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "पट्टीनं काही पुसलेलं नाही, सर. तिनं फक्त रात्र भरून टाकली. मेंदूला रात्रीत ठरावीकच उतरवून काढता येतं. तुम्ही सातही रात्री धडे दिलेत, त्यानं धडे उतरवले. दिवसाला वेळच उरला नाही. त्यामुळं या पोरांचं सगळं वर्ष अजून कच्च्या वहीतच आहे, आणि तिची मुदत संपत आलीय. जूनमधलं गेलं, गणपतीतलं गेलं. आता पुढचं जाईल, ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं."

"पण आता पट्टी नाही. आता रात्री रिकाम्या आहेत की."

"आता जे घडतंय ते राहील. त्याची काळजी नाही. मागचा अनुशेष भरून निघायचा काळ मात्र निघून गेला. थोडं काही राहिलं तर नशीब."

सर खुर्चीत पुढं सरकले. वर्गात अडलेल्या पोराला उत्तर सुचावं तसा त्यांचा चेहरा उजळला. "पट्टी परत मागवतो. धड्यांऐवजी या आठवणीच वाजवू. आहे की नाही सोपं?"

"धड्याला सूर होता," डॉक्टर म्हणाल्या. "तिनं मोदक केला तेव्हा कुठला सूर वाजवला होता तुम्ही?"

परतीच्या एसटीत समृद्धी खिडकीशी बसली होती. सरांनी तिला विचारलं, "बाहेर कसली पिकं दिसतात गं?" तिनं काळी मृदा, तिची जलधारणक्षमता आणि द्राक्षाचं हवामान सांगितलं. एक शब्द चुकला नाही. सरांना आयुष्यात पहिल्यांदाच अचूक उत्तराची भीती वाटली.

त्यांनी पालकसभा बोलावली. नोकरी गेली तर गेली, कबूल करून टाकायचं असं ठरवून ते उभे राहिले. घाम पुसत पुसत त्यांनी सगळं सांगितलं. चूक माझी, कोऱ्या रात्री मी भरल्या, तुमच्या पोरांचं वर्ष माझ्यामुळं पुसलं जातंय. सरांना वाटलं, आता कुणीतरी उठून आपली गचांडी धरेल. तसं झालं असतं तर त्यांना बरंच वाटलं असतं.

एक पालक उठले. पोल्ट्रीवाले, गल्लीतलेच. "म्हंजे धडे ऱ्हात्यात ना?"

"धडे राहतात. पण बाकीचं..."

"बाकीचं काय करायचंय, सर? सहल विसरलं तर विसरलं. सहल काय परीक्षेला येतीया?"

लोक हसले. मागच्या बाकावरून एक बाई म्हणाल्या, "आमची सासू दिवाळीत वारली. पोरगं लई रडायचं. आता इसारलंय. बरंच झालं की वो." तिसऱ्यानं आठवीलाही सातही रात्री चालू ठेवता येतील का, असं विचारलं. चौथ्यानं नववी-दहावीचं काढलं. देशमाने बाईंनी गंभीर चेहऱ्यानं हे सगळं टिपून घेतलं आणि शेवटी पालकांच्या वतीनं बाबर सरांना नारळ आणि शाल दिली. सर शाल खांद्यावर घेऊन घरी आले. उज्ज्वलाबाईंनी ती बघितली आणि त्या आत गेल्या.

खरंच आहे, त्या लोकांचं काय बिघडलं होतं? त्यांच्या पोरांना आपली आई जन्मापासून ठाऊक. एक वर्ष गळालं तरी आई आईच राहते. समृद्धीपाशी मात्र या घरातलं असं तेवढं एकच वर्ष होतं.

मे महिन्यात दिवाळी गेली. कुठला फटाका, कुठला किल्ला, तिला काही सांगता येईना. जूनच्या सुरुवातीला मार्गशीर्षातले गुरुवार गेले. उज्ज्वलाबाई रोज सकाळी चहा करताना इकडचं तिकडचं विचारून चाचपायच्या, कुठपर्यंत आलंय ते. पूर चढताना घाटाच्या पायऱ्या बघाव्यात तसं. मध्येच एखादी गोष्ट तिला आठवायची आणि बाईंचा जीव भांड्यात पडायचा. दोन दिवसांनी तीच गोष्ट पुन्हा विचारली की नुसतीच मान हलायची. संक्रांत गेली. आता त्या दोघांना एकाच दिवसाची धास्ती होती, आणि ती ते एकमेकांना बोलून दाखवत नव्हते.

तो दिवस फेब्रुवारीतला, सोमवारच्या बाजाराचा. उज्ज्वलाबाई आणि समृद्धी भाजी घ्यायला गेल्या होत्या. गर्दीत हात सुटला. बाई मेथीच्या जुड्या बघत पुढं गेल्या आणि पोरगी मागं राहिली. घाबरून तिनं हाक मारली, "आई!" बाजारातल्या झाडून साऱ्या बायकांनी वळून पाहिलं. उज्ज्वलाबाई तेवढ्या वळल्या नाहीत. त्यांना कुठं सवय होती? शेवटी भाजीवालीच म्हणाली, "अवो, तुमचीच दिसतीया की." घरी येताना समृद्धी खाली मान घालून म्हणाली, "मम्मी ती मम्मीच आहे. पण तुम्हाला आई म्हटलं तर चालेल?" बाईंनी भर रस्त्यात पिशवी खाली ठेवली होती आणि पदर डोळ्यांना लावला होता. त्या दिवसापासून घरात 'आई' ही हाक आली होती.

जुलैच्या एका सकाळी समृद्धी आठवीचं दप्तर भरत होती. ती म्हणाली, "काकी, माझा डबा." आणि आपण काय म्हणालो हे तिच्याही ध्यानात आलं. तिनं थांबून विचारलं, "मी तुम्हाला आई का म्हणत होते?"

बाईंनी डबा तिच्या हातात दिला. "सहज म्हणायचीस गं," त्या म्हणाल्या, आणि परत ओट्याकडं वळल्या.

त्याहून वाईट पुढंच होतं. अपघात मागच्या वर्षीच्या मे महिन्यातला, पट्टी यायच्या आधीचा. तो पक्क्या वहीत जसाच्या तसा होता: ट्रकचा दिवा, काचा, मम्मीचा हात. आणि त्याच्यानंतर थेट हा उन्हाळा; मधलं काहीच नव्हतं. काळ हे औषध म्हणतात, पण काळ म्हणजे तरी काय? मधल्या दिवसांचे थरच ना? ते थरच नव्हते. समृद्धीला कॅलेंडर समजत होतं, पृथ्वी सूर्याभोवती एक फेरी मारून आली हे ती आकृती काढून सांगू शकत होती, पण तिच्या लेखी तिचे आईबाप आत्ता गेले होते. ती पुन्हा भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. पुन्हा पाणी प्यायला विचारायला लागली. उज्ज्वलाबाई जवळ गेल्या की अंग चोरायची, आणि मग आपण अंग चोरलं म्हणून "सॉरी काकी" म्हणायची. ते "सॉरी" ऐकून बाई मोरीत जाऊन नळ सोडून रडायच्या.

"पहिल्यापासून सुरू करू," सर एकदा म्हणाले. "एक वर्ष केलं तसं आणखी एक."

"तेव्हा ती रिकामी आली होती," बाई म्हणाल्या. "आता तिला आपला जाच वाटतोय. आपण काहीतरी मागतोय आणि तिला ते देता येत नाही, हे तिला कळतंय. पोर हुशार आहे ना." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "तुम्ही एवढं करा. तिला आता काही शिकवू नका."

पण सरांना दुसरं काय येत होतं? ते रोज संध्याकाळी तिला समोर बसवायचे आणि गेलेलं वर्ष सांगायचे. मोदकाचं, तापाचं, नकलेचं, बाजाराचं. जमेल तितकं रंगवून. ती मांडी घालून, पाठ ताठ ठेवून, लक्ष देऊन ऐकायची. मधेच एखादी तारीख नीट विचारून घ्यायची. सरांना वाटायचं, कुठंतरी काहीतरी हलेल. कधीतरी ती एकदम "अरे हो!" म्हणेल. एकदा ते सांगत असताना ती हसली. ते सांगायचे थांबले. पण ती गोष्ट चांगली होती म्हणून ती हसली होती.

एका रविवारी दुपारी सर ओसरीवर पेपर वाचत होते. आतल्या खोलीतून समृद्धीचा आवाज येत होता. परीक्षेच्या आधी पोरं हेल काढून पाठ करतात, तसा. सर कौतुकानं ऐकू लागले. आठवीला पट्ट्या आल्याच होत्या, पण ही लावत नव्हती. आपली आपण अभ्यासाला लागली, बरं झालं. मग शब्द कानावर पडू लागले आणि ते उठून दाराशी गेले.

ती डोळे मिटून, पुढं-मागं डोलत म्हणत होती, "कारणे द्या. समृद्धी काकींना आई म्हणू लागली. उत्तर. फेब्रुवारी महिन्यात आठवडी बाजारात गर्दी असल्यामुळे समृद्धी व काकी यांची ताटातूट झाली. समृद्धीने आई अशी हाक मारली. त्या वेळी सर्व स्त्रियांनी वळून पाहिले. परंतु काकींनी वळून पाहिले नाही. कारण त्यांना सवय नव्हती. यावरून असे दिसून येते, की समृद्धीचे काकींवर प्रेम होते. म्हणून समृद्धी काकींना आई म्हणू लागली."

तिनं डोळे उघडले. सर दारात दिसले तशी ती चटकन उठून उभी राहिली.

"मी सगळं पाठ करते आहे, काका. मग मी चुकणार नाही. काकींना वाईट वाटणार नाही." तिनं त्यांच्या तोंडाकडं आशेनं पाहिलं. "बरोबर आहे ना?"

आतल्या दारापाशी हातात लाटणं तसंच धरून उज्ज्वलाबाई उभ्या होत्या. त्या केव्हापासून ऐकत होत्या कोण जाणे.

सरांनी उत्तर मनातल्या मनात पुन्हा एकदा तपासून पाहिलं. कुठंही काही सुटलं नव्हतं.

"बरोबर," ते म्हणाले.